रोल न लागणारा कॅमेरा

"ताई, फोटोग्राफर कुठे गेलेत?"

मी मान वर केली. दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, त्या इस्त्रीवर एसटीची धूळ, खांद्याला काळी, जड बॅग. डिसेंबरचं कोवळं ऊन त्याच्या पाठीमागून दुकानात शिरत होतं, त्यामुळे चेहरा नीट दिसत नव्हता.

"फोटोग्राफर तुमच्यासमोर बसलेत," मी म्हटलं.

त्याने आत येऊन इकडेतिकडे पाहिलं. दुकानात मी एकटीच होते. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि कान लाल झाले. सावळ्या माणसाचे कान इतके लाल होऊ शकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"म्हणजे... तुम्हीच..."

"का? बाईनं बटण दाबलं तर फोटो उमटत नाही का?"

"नाही हो, तसं नाही... पासपोर्ट साइज पाहिजे होते. तीन."

धुळ्यात आग्रा रोडच्या मागे, सहाव्या गल्लीत आमचा 'सम्यक फोटो स्टुडिओ'. येणारा प्रत्येक नवा माणूस आधी फोटोग्राफर शोधायचा आणि मग माझ्याकडे असा बघायचा की जणू मी काउंटरवर फडकं मारायला बसलेय. मला त्याची सवय झाली होती. पण कान लाल होणारा हा पहिलाच.

मी त्याला पडद्यासमोरच्या स्टुलावर बसवलं. "हनुवटी खाली. अजून थोडी. खांदे सैल सोडा... आणि ती बॅग ठेवा खाली, कोणी पळवत नाही."

"नको, राहू द्या मांडीवर. आत कॅमेरा आहे."

"कॅमेरा?"

"मी निशोवा कंपनीचा माणूस. जळगाव डेपोला असतो. चंद्रहास फिरके." तो जरा ताठ बसला. "आमची कंपनी टीव्ही, टेपरेकॉर्डर बनवते ना... आता डिजिटल कॅमेरा काढलाय."

मी लाइट लावता लावता थांबले. मला हसू आवरेना. "कॅमेऱ्याच्या कंपनीचा माणूस, आणि फोटो काढायला आमच्या दारात?"

"आमच्या कॅमेऱ्यात फोटो निघतो हो," तो ओशाळून म्हणाला, "पण कागदावर उतरवून देणारं इकडं कोणी नाही अजून. आणि ऑफिसला ओळखपत्रावर चिकटवायला कागदच लागतो."

त्याच क्षणी मी बटण दाबलं. ओशाळलेला, अर्धवट हसणारा असा तो फोटो आला. कंपनीने तो ओळखपत्रावर कसा चालवून घेतला कोण जाणे.

फोटो झाल्यावर मी म्हटलं, "दाखवा तरी तुमचं यंत्र." त्याने बॅगेतून विटेएवढा ठोकळा काढला. मी सवयीने मागचं झाकण उघडायला गेले. "रोल कुठून घालायचा?"

"रोलच नाही." त्याचे डोळे चमकले. त्याने बाजूला साधी कॉम्प्युटरची फ्लॉपी सरकवली. "यावर फोटो साठतात. आणि काढल्या काढल्या इथं मागं, या काचेवर दिसतात. एक काढू तुमचा?"

"काढा."

एवढ्या वर्षांत मी शेकडो पोरींचे स्थळांसाठी फोटो काढले होते. माझा स्वतःचा मात्र कोणी काढला नव्हता. कॅमेऱ्यामागचं माणूस कोणाला दिसतं? त्या चिमुकल्या काचेत अचानक मीच माझ्याकडे बघत होते, वेणी विस्कटलेली, कपाळाला शाईचा डाग. मला कसंतरीच झालं.

"पुसा."

"अहो, पण चांगला..."

"पुसा म्हटलं ना."

दुसऱ्या कोणी हुज्जत घातली असती. 'राहू द्या हो', 'छान दिसताय' असलं काहीतरी म्हणून फ्लॉपी खिशात घातली असती. त्याने निमूट बटण दाबलं आणि काच माझ्यासमोर धरली. "गेला. बघा, रिकामी आहे." मला तो माणूस त्या घडीला आवडला, हे आता लपवण्यात काही अर्थ नाही.

*

आमच्या घरी तेव्हा एकच विषय चालू होता, दुकानाचा. माझे वडील, यादवराव सुरवाडे, गावाचे नाना, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून माणसाचा चेहरा उजळवणारे धुळ्यातले शेवटचे कारागीर. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शेजारचा औषधवाला गाळा मागत होता. नाना म्हणाले होते, "विशाखा, उन्हाळ्याच्या लग्नसराईआधी मला पटवून दे की दुकान तुला एकटीला झेपेल. नाहीतर गाळा देऊन टाकू आणि तुझ्या लग्नाचं बघू." आई नाही मला. नानांना माझी काळजी होती, आणि मला त्या दुकानाखेरीज दुसरं काही नको होतं.

त्यामुळे चंद्रहास पुढच्या फेरीला आला आणि म्हणाला, "कंपनीला प्रत्येक गावात एक स्टुडिओ पाहिजे," तेव्हा मी कान टवकारले.

"कशाला? तुमची टीव्हीची शोरूम आहेत की."

"टीव्हीच्या दुकानात लोक टीव्ही घ्यायला येतात. फोटोचा विश्वास स्टुडिओवर असतो." तो काउंटरवर टेकून गंभीरपणे सांगू लागला. "असं बघा. रोलवाल्या कंपन्यांचं पोट कॅमेऱ्यावर नाही भरत. कॅमेरा एकदा घेतला की झालं, रोल आणि कागद मात्र जन्मभर. म्हणून प्रत्येक स्टुडिओवर त्यांचे बोर्ड. आमच्याकडे रोलच नाही. मग आम्ही काय विकायचं? दर वेळी नवा कॅमेरा! टीव्हीवाले, कॅल्क्युलेटरवाले, टेपवाले... सगळे यात उतरलेत आता. जो आधी स्टुडिओत शिरेल त्याचं गाव."

"म्हणजे तुम्ही आमच्या दुकानात शिरायला आलात."

"मी... कंपनी..." कान पुन्हा लाल.

दर आठवड्याला त्याची धुळ्याची फेरी ठरलेली. मंगळवार आला की मी उगाच पडदा झटकायचे, आरसा पुसायचे. तो यायचा, मला कॅमेरा शिकवायचा, आणि मी त्याला उजेड शिकवायचे. खिडकीचा उजेड गालावर कसा घ्यायचा, डोळ्यात चमक कशी आणायची. त्याच्या कंपनीच्या पुस्तकात पिक्सेल होते, उजेड नव्हता. एकदा तो फैजपूरहून आईने दिलेलं वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन आला. नानांनी बोटं चाटली आणि विचारलं, "अरे, आडनाव फिरके म्हणून कंपनीनं फिरतीवर घातलं का तुला?" तो इतका मनापासून हसला की ठसकाच लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि दोघांनीही तांब्या सोडला नाही... क्षणभरच. मग नाना खाकरले.

या सगळ्यात 'ताई' कधी गळून पडली मला कळलं नाही. आधी ताईची मॅडम झाली. मग मॅडमही गेली आणि नुसतं "अहो" उरलं. आमच्याकडे "अहो" म्हणजे काय ते सांगायला नको. मी त्याला एकदा छेडलं, "आता कोणत्या नावानं हाक मारणार?" तो म्हणाला, "मारतोच कुठं? तुम्ही आधीच बघताय ना माझ्याकडं."

मी वळले आणि आधीच पुसलेला आरसा पुन्हा पुसायला घेतला.

*

जानेवारीत आमच्या गल्लीतल्या कलाबाई त्यांच्या धाकट्या मुलीला घेऊन आल्या. स्थळासाठी फोटो हवा होता. आमच्याकडे असा फोटो म्हणजे घरचं कार्य. पोरीबरोबर मामा, मावशी, थोरला भाऊ, सगळे हजर. मंगळवार होता, चंद्रहास होताच. त्याने उत्साहाने नवा कॅमेरा पुढे केला. मी आधी सवयीने एक फोटो आपला रोलवर घेतला, आणि मग त्याला वाट करून दिली.

काचेवर फोटो उमटला तशा कलाबाई ओरडल्या, "माय वं! फोटू आठेच दिसस?"

"हो ना काकू, इथंच! आणि नाही आवडला तर पुसून दुसरा. पैसा लागत नाही," चंद्रहास म्हणाला. एवढं बोलून तो फसला.

"मंग नाक देख ना! पोरनं नाक कितलं मोठं दिसी राह्यनं. पुसी टाक."

पुसला. दुसरा काढला. मावशीला पोर दमल्यासारखी वाटली. पुसला. तिसऱ्यात उखर्डूमामांना डोळे मिटलेले दिसले, चौथ्यात भावाला ओढणी. प्रत्येकाचं एक म्हणणं, आणि प्रत्येकाच्या म्हणण्याला मान द्यायचा, कारण उद्या लग्नात रुसायला तीच माणसं असतात. चंद्रहास घामाघूम झाला. पोरगी हसून हसून दमली, मग कंटाळली, मग रडकुंडीला आली. खिडकीतलं ऊन सरकून गेलं, दिवे गेले, आणि कॅमेऱ्याची बॅटरीही संपत आली.

"आते दखाड बठ्ठा," कलाबाई म्हणाल्या. सगळे दाखव.

चंद्रहासने बटणं दाबली. पुन्हा दाबली. मग हळूच म्हणाला, "काकू... एकही नाही राहिला. तुम्हीच सगळे पुसायला लावले."

मामा, मावशी, भाऊ, सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"मंग वं बाई, आते काय व्हई?" कलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"पहिला काढलाय ना मी रोलवर. परवा या, तयार असेल."

"तो कसा उना? नाक?"

"कसा आला ते धुतल्यावरच दिसेल. आणि पुसता येणार नाही, त्यामुळे आवडून घ्यावा लागेल."

मंडळी गेल्यावर मी काउंटरवर डोकं टेकून हसले. तोही हसला, पण हसता हसता माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हाला पहिल्या फोटोतच कसं कळतं?"

"रोलमध्ये मोजकेच फोटो असतात. उधळेगिरी परवडत नाही. म्हणून दाबायच्या आधी नीट बघायचं."

"मी पण नीट बघितलंय," तो म्हणाला. कॅमेऱ्याबद्दल नव्हतं ते. मी उठले आणि उगाच दिवा लागतो का ते बघू लागले. दिवे गेलेले होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गंमत म्हणजे त्या फजितीने आमचीच जाहिरात झाली. 'सुरवाडेंच्या दुकानात फोटो लगेच दिसतो' म्हणून गल्लीच्या गल्ली लोटली. मला वाटलं, हीच संधी. कंपनी कॅमेरा, कॉम्प्युटर, प्रिंटर सगळं फुकट बसवून देणार होती, मोठा झगझगीत बोर्डही. मोबदल्यात तीन वर्षं दुकानात रोल ठेवायचा नाही आणि रोलवाल्या कंपनीचा जुना बोर्ड उतरवायचा, एवढीच अट. नानाही तयार झाले. पुढच्या मंगळवारी सही करायचं ठरलं.

*

त्या मंगळवारी तो आला, पण कागद बॅगेतून काढले नाहीत.

"सही करू नका," तो म्हणाला.

मला वाटलं, चेष्टा करतोय. "बोर्ड रंगवणाऱ्याला सांगून ठेवलंय मी."

"परत पाठवा त्याला."

माझं डोकं फिरलं. "कोण म्हणालं, बाईला जमणार नाही? कंपनी म्हणाली की तुम्ही?"

"ऐकून तर घ्या..."

"काय ऐकू? दीड महिना तुम्हीच सांगताय, तुम्हाला जमेल, तुम्हाला जमेल. आता माझं सगळं त्यावर उभं आहे. सही नाही झाली तर नाना गाळा देऊन टाकतील. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. म्हणून सांगतोय." त्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "परवा नाशिकला बैठक झाली. दिवाळीला कंपनीचा नवा कॅमेरा येतोय. निम्म्या किमतीत, याच्या दुप्पट चांगला. तो स्टुडिओत नाही येणार. आग्रा रोडच्या टीव्ही शोरूममध्ये येणार, हप्त्यावर, घरोघरी. स्टुडिओनं गावाला फक्त चव लावायची. चव लागली की कंपनीला स्टुडिओचं काम नाही."

"आणि तीन वर्षांची अट?"

"ती तशीच. तुमच्याकडं रोल नसणार, रोलचं गिऱ्हाईक दुसरीकडं गेलेलं असणार, आणि हा कॅमेरा जुना झालेला असणार."

"हे कागदात लिहिलंय?"

"अट लिहिलीय. दिवाळीचं नाही लिहिलं. ते साहेबांनी हसत हसत सांगितलं."

मी स्टुलावर बसले.  रागाला आता जागाच उरली नव्हती, आणि त्याचा मला आणखी राग येत होता.

"तुमचं काम सही घ्यायचं," मी म्हटलं. "मग मला कशाला सांगितलंत?"

तो भिंतीवरच्या फोटोंकडे बघू लागला.

"अमळनेरच्या स्टुडिओवाल्याला सांगितलंत का? त्याचंही ठरलंय म्हणाला होतात."

"सांगितलं. काल मुद्दाम आधी तिकडं गेलो, त्याला सांगितलं, मगच इकडं आलो. नाहीतर तुम्हाला वाटलं असतं, मी फक्त तुमच्यासाठी..."

"आणि वाटलं असतं तर?"

त्याने बॅगेचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"...तर खोटं नसतं वाटलं."

मी त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात कोणी माझ्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता, आणि समोर नुकतंच माझं सगळं गणित मोडून ठेवलेला माणूस उभा होता.

संध्याकाळी मी नानांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला.

"मग काय ठरवलंस?"

"सही नाही करायची. डिजिटल येणार, ते काही थांबत नाही. पण टीव्हीवाल्या कंपन्या एकमेकींच्या उरावर बसून भाव पाडतायत. पाडू दे. आपण थांबू. कॅमेरा घेईन तेव्हा आपल्या कमाईतून घेईन, आणि रोलचा बोर्ड तसाच ठेवून." मग मी मान खाली घातली. "पण नाना, मला तुम्हाला जे पटवून द्यायचं होतं, ते काही जमलं नाही. गाळ्याचं तुम्ही ठरवा."

नानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "फुकट मिळत होतं ते तू नाही म्हणालीस. मला तुझ्या वयात नसतं जमलं, बेटा. औषधवाल्याला उद्या सांगून टाकतो, गाळा द्यायचा नाही."

मी त्यांच्या गळ्यात पडले. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

*

दोन स्टुडिओ हातचे गेले म्हटल्यावर कंपनीने विचारपूस केली. चंद्रहासने खरं ते सांगितलं. नोकरी राहिली, बदली झाली. रायपूर.

निरोप घ्यायला तो दुकानात आला तेव्हा नाना होते, त्यामुळे आम्ही दोघं हवापाण्याचं बोललो. तो स्टँडकडे गेला. मी लेन्स पुसत बसले. मग ती तशीच टाकली, चपला घातल्या आणि जवळजवळ पळतच स्टँडवर पोचले.

जळगावची गाडी फलाटाला लागली होती. तो दाराजवळ उभा होता, जणू मी येणार हे त्याला माहीत होतं.

"आईला सांगितलं मी," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"तुमचं. सुरवाडे आडनाव, सम्यक स्टुडिओ, सगळं. आम्ही लेवा पाटील, तुम्ही बौद्ध... एक वेळ जेवली नाही ती. मग संध्याकाळी विचारलं, मुलगी केळीच्या भाजीला नाक तर मुरडत नाही ना?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. फलाटावर शेंगदाणेवाला ओरडत होता, पोरं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होती, आणि आम्ही दोघं एकमेकांसमोर नुसते उभे होतो.

"तुम्ही थांब म्हणा," तो म्हणाला. "एकदा म्हणा. राजीनामा टाकतो. इथंच काहीतरी बघतो."

"नाही म्हणणार."

त्याचा चेहरा उतरला.

"नोकरी सोडून आलेला जावई आमच्या नानांना चालायचा नाही," मी म्हटलं. "एक तर फैजपूरचा पाटील. त्यात बिननोकरीचा. एका वेळी किती पचवायचं त्यांनी?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काय म्हणालात?"

"जे ऐकलंत ते. परत नाही म्हणणार. बसा आता, गाडी सुटतेय."

कंडक्टरने दोरी ओढली. तो चढला. गाडी हलली, वळली, धुरळा उडवत स्टँडच्या फाटकाकडे निघाली. मी तिथेच उभी राहिले. बोलून टाकलं याचं समाधान होतं, आणि रायपूर किती लांब आहे हे त्याच क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. 

मग फाटकापाशी गाडी करकचून थांबली. कंडक्टरचा वरच्या पट्टीतला आवाज आला. आधी काळी बॅग खाली उतरली, मागोमाग तो.

"काय राहिलं?" तो जवळ आल्यावर मी विचारलं.

"रायपूरला परवा हजर व्हायचंय. उद्याची गाडी चालते."

"आणि आज?"

"आज नानांशी बोलतो."

"मी दुकान सोडून कुठं येणार नाही. आधीच सांगते."

"ठाऊक आहे. बदली मागून परत यायला वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर दर महिन्याला येईन." तो थांबला. "चालेल... विशाखा?"

त्याने पहिल्यांदाच नाव घेतलं होतं. मी बॅगेचा एक पट्टा धरला. दुसरा त्याने धरला, आणि आम्ही आग्रा रोडने निघालो. बघणारे बघत होते. बघू दे म्हटलं.

नाना काउंटरमागे बसले होते. त्यांना धूसर दिसत असलं तरी त्यांनी बॅग पाहिली, पट्टे पाहिले, आणि पट्ट्यांवरचे दोन हातही.

"काय रे, गाडी चुकली?"

"नाही नाना. सुटलेल्या गाडीतून उतरून आलो. तुमच्याशी बोलायचं होतं."

"हिनं सांगितलं उतरायला?"

"नाही. त्या तर बसा म्हणाल्या होत्या."

नाना हसायला लागले. अगदी खांदे हलेपर्यंत हसले. "हिनं सांगितलेलं मोडणारा पहिलाच माणूस आमच्या दारात आलाय," ते म्हणाले. "ये, आत ये. बस. काय विचारायचं ते नीट विचार."